थ्रेड्स आणि ब्लूस्काय: व्यवसायासाठी लवकर जाऊन हाती काय लागते

लहान व्यवसायाने थ्रेड्स (इंस्टाग्रामला जोडलेली सेवा) आणि ब्लूस्काय (स्वतंत्र कंपनीची सेवा) या छोट्या पोस्ट लिहायच्या दोन सोशल मीडिया सेवांवर खाते उघडावे का, याला आमचे उत्तर असे: नाव दोन्हीकडे आजच घेऊन ठेवा, रोजचा वेळ मात्र एकालाच द्या. तुमचा ग्राहक आधीपासून इंस्टाग्रामवर असेल तर थ्रेड्स निवडा. जी गोष्ट विकायला आधी चार वाक्ये समजावून सांगावे लागते, म्हणजे पुस्तके, सॉफ्टवेअर, चित्रे, शिकवण्या, सल्लासेवा, हाताने घडवलेल्या वस्तू, तिच्यासाठी ब्लूस्काय जास्त उपयोगी आहे. दोन्हीकडे सारखाच जोर लावणारे बहुतेक व्यवसाय दोन महिन्यांत दोन्हीकडे गप्प होतात, आणि गप्प झालेले खाते नसलेल्या खात्यापेक्षा वाईट दिसते.

लवकर जाण्याचा फायदा नेमका कुठून येतो, हे समजले नाही तर तो घेताही येत नाही. नव्या ठिकाणी वाचणारे थोडे असतात हे खरे, पण लिहिणारे त्याहूनही थोडे असतात. फीडला, म्हणजे ॲप उघडल्यावर समोर सरकत जाणाऱ्या पोस्टच्या यादीला, दाखवायला काहीतरी हवे असते, म्हणून अनोळखी खात्याची पोस्टही पुढे सरकते. नव्याने आलेली माणसे कोणाला फॉलो करायचे ते शोधत असतात आणि उत्तर द्यायला मोकळी असतात. हे दिवस संपतात, आणि कसे संपतात तेही आजवर पुरेसे दिसले आहे. इंस्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये आले. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यावर जाहिराती सुरू झाल्या आणि २०१६ मध्ये फीडचा वेळेनुसार लागणारा क्रम जाऊन अल्गोरिदमचा, म्हणजे सेवेच्या गणिताने ठरवलेला, क्रम आला. फेसबुक पेजची फुकट पोहोच कमी होत जाईल, हे तर फेसबुकने २०१३ च्या अखेरीस जाहिरातदारांना स्वतःच सांगितले होते. जाहिरात आली की फुकट जागा आकसते, कारण तीच जागा आता विकायची असते.

दुसरा शेवट बंद पडण्याचा. छोट्या व्हिडिओंचे ॲप वाइन जानेवारी २०१३ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली. गूगल प्लसचे सर्वसामान्य लोकांसाठीचे दालन एप्रिल २०१९ मध्ये मिटले, थेट प्रक्षेपणाचे ॲप पेरिस्कोप मार्च २०२१ मध्ये. ट्विटरसारखे भारतीय ॲप कू जुलै २०२४ मध्ये बंद झाले. या ठिकाणी ज्यांनी मेहनत घेतली, त्यांच्यापैकी ज्यांनी तिथली माणसे वेळेत आपल्या ईमेल यादीत किंवा वेबसाइटवर आणली, त्यांच्याकडेच पुढे काही उरले. म्हणून या परीक्षणात दोन्ही सेवांना आमचा मुख्य प्रश्न एकच आहे: इथे भेटलेला माणूस तुमच्या स्वतःच्या यादीपर्यंत किती सहज पोहोचू शकतो?

थ्रेड्स

थ्रेड्स जुलै २०२३ मध्ये आले आणि पहिल्या पाच दिवसांत १० कोटी खाती उघडली गेली. युरोपीय संघात ते १४ डिसेंबर २०२३ रोजी पोहोचले. एवढ्या वेगाचे कारण एकच, इंस्टाग्रामच्या खात्यावरूनच प्रवेश मिळत होता आणि तिथे ज्यांना फॉलो करता त्यांना इथेही एका टिचकीत फॉलो करता येत होते. व्यवसायाला याचा सरळ लाभ असा की सुरुवात शून्यापासून होत नाही. इंस्टाग्रामवर हजार-दोन हजार खरे ग्राहक असतील तर त्यातले काही पहिल्याच आठवड्यात इथे दिसतात.

तोटाही याच जोडणीत आहे. दोन्हीकडचे हँडल, म्हणजे खात्याचे @ लावून लिहायचे नाव, एकच असते, एकीकडे बदलले की दुसरीकडेही बदलते. इंस्टाग्रामचे खाते अडकले तर थ्रेड्सही हातून जाते. सुरुवातीला थ्रेड्सचे प्रोफाइल काढायचे तर अख्खे इंस्टाग्राम खातेच काढावे लागत होते. ती अट नोव्हेंबर २०२३ मध्ये गेली. तेव्हा थ्रेड्सवर हात घालण्याआधी इंस्टाग्रामची दुहेरी पडताळणी (पासवर्डबरोबर कोडही मागणारी) चालू करा, बॅकअप कोड छापून ठेवा, आणि खात्याचा ईमेल कर्मचाऱ्याचा खासगी नको, व्यवसायाचा असू द्या. ही तीन कामे न केल्याने जाणारी खाती अल्गोरिदमने मार खाल्लेल्या खात्यांपेक्षा जास्त हळहळ लावतात, कारण ती सहसा परत मिळत नाहीत.

पोस्टची मर्यादा ५०० अक्षरांची आहे. एका पोस्टमध्ये २० पर्यंत फोटो-व्हिडिओ बसतात आणि व्हिडिओ पाच मिनिटांपर्यंत चालतो. पोस्ट टाकल्यावर १५ मिनिटे दुरुस्तीला मिळतात, त्यानंतर नाही. एका पोस्टला विषय एकच जोडता येतो. त्याला हॅशचे चिन्ह दिसत नाही आणि त्यात दोन-तीन शब्दांचा गट चालतो. इंस्टाग्रामच्या सवयीने पंधरा हॅशटॅगची शेपटी चिकटवणारे इथे लगेच ओळखू येतात. त्यातला एक धरला जातो आणि बाकीचा मजकूर कचरा म्हणून उरतो. विषय निवडताना फार व्यापक शब्द घेऊ नका. 'व्यवसाय' या विषयात तुमची पोस्ट कोणाला दिसणार? शोधपेटीत विषय टाकून पाहा, आणि गेल्या दोन-तीन दिवसांत ज्याच्यात खरी माणसे एकमेकांना उत्तरे देत आहेत असा नेमका विषय घ्या.

थ्रेड्सवर पोस्टपेक्षा उत्तरे जास्त कामाची आहेत. मोठ्या खात्याच्या पोस्टखाली तुमच्या विषयातला प्रश्न पडलेला दिसला तर तिथे पुरे उत्तर द्या: माप, कारण, काय टाळावे. 'आमच्याकडे या' हे वाक्य त्यात नको. उत्तर चांगले असले की लोक नावावर बोट ठेवून प्रोफाइल बघतातच, आणि पुढचे काम बायोने, म्हणजे प्रोफाइलवरच्या छोट्या ओळखीने, करायचे आहे. बायोच्या पहिल्या ओळीत काय विकता आणि कोणाला, हे साध्या शब्दांत हवे. घोषवाक्य नको. बायोत पाचपर्यंत लिंक देता येतात, पण दोनच द्या. एक ईमेल यादीची, एक खरेदीची किंवा वेळ ठरवण्याची. लिंक वाढल्या की निवडायचा कंटाळा येऊन माणूस एकही दाबत नाही.

आमची थ्रेड्सबद्दल सर्वांत मोठी तक्रार फीडच्या स्वभावाची आहे. 'तुमच्यासाठी' हे फीड उत्तरे ओढणाऱ्या पोस्टना उचलते, त्यामुळे मुद्दाम वाद पेटवणारे आणि पोकळ प्रश्न विचारणारे माजतात. अशा पोस्ट वाढल्याचे इंस्टाग्रामच्या प्रमुखांनीच ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले होते. व्यवसायाला मोह होतो: 'तुम्हाला निळा आवडतो की हिरवा?' विचारले की आकडे वर जातात. ते आकडे फसवे आहेत. रंग सांगून गेलेला माणूस तुम्ही काय करता ते वाचून जात नाही. प्रश्न विचारायचाच असेल तर उत्तरातून तुम्हाला काही कळेल असा विचारा. उदाहरणार्थ, 'दुरुस्तीला दिलेली वस्तू परत घेताना तुम्ही सर्वांत आधी काय तपासता?' याला वीसच उत्तरे येतील, पण त्यातून पुढच्या पाच पोस्टचे विषय मिळतील आणि उत्तर देणारे वीसही जण तुमच्या कामाच्या जवळचे असतील.

आणखी एक गोष्ट सरळ सांगायला हवी. थ्रेड्सची 'लवकर'ची वेळ बरीच सरली आहे. जाहिरातींची चाचणी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका आणि जपानमध्ये झाली, एप्रिल २०२५ पासून त्या जगभरच्या जाहिरातदारांना खुल्या झाल्या. थेट संदेशांची सोय जुलै २०२५ पासून आली. ती व्यवसायाला सोयीची आहे, कारण त्याआधी चौकशीसाठी ग्राहकाला इंस्टाग्रामवर पाठवावे लागे. पण हीच चिन्हे सांगतात की हे ठिकाण आता प्रौढ झाले. इथे येऊ नये असे नाही. फक्त पहिल्या वर्षासारखी फुकट पोहोच गृहीत धरून योजना आखू नका. जमेची बाजू म्हणजे आकडेवारी आतच मिळते, किती जणांनी पाहिले तेही कळते, आणि पोस्ट पुढच्या वेळेला लावून ठेवता येते.

ब्लूस्काय

ब्लूस्कायची सुरुवात २०१९ मध्ये ट्विटरच्या आतला प्रकल्प म्हणून झाली, पुढे ती स्वतंत्र कंपनी झाली. फेब्रुवारी २०२४ पर्यंत निमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने २ कोटी खाती ओलांडली. थ्रेड्सपुढे हा आकडा लहान आहे आणि लहानच राहील असे धरून चाला. जाहिराती अजून नाहीत. व्यवसायाच्या दृष्टीने तिची खरी ताकद तीन गोष्टींत आहे: स्वतःचे डोमेन (वेबसाइटचा विकत घेतलेला पत्ता) हँडल म्हणून वापरता येणे, स्टार्टर पॅक, आणि कोणीही बनवू शकेल अशी वेगवेगळी फीड.

डोमेनचे हँडल आधी घेऊ, कारण ते पहिल्या दिवशीच करायचे काम आहे आणि बरेच जण ते अर्धवट सोडतात. वेबसाइटचा पत्ता हाच तुमचा हँडल होतो, त्यामुळे खाते खरे की तोतया, हा प्रश्न उरत नाही. वेबसाइट चालू असलीच पाहिजे असेही नाही, नुसते डोमेन मालकीचे असले तरी पुरे. सेटिंग्जमध्ये खाते, त्यात हँडल, तिथे 'माझे स्वतःचे डोमेन आहे' हा पर्याय निवडा. ॲप दोन तुकडे दाखवते, एक होस्टचा आणि एक व्हॅल्यूचा. डोमेन जिथून विकत घेतले त्या कंपनीच्या डीएनएस पानावर (डोमेनच्या नोंदींच्या पानावर) जाऊन टीएक्सटी, म्हणजे मजकूर, प्रकारचा नवा रेकॉर्ड तयार करा, दोन्ही तुकडे कॉपी करून चिकटवा, जतन करा, मग ॲपमध्ये पडताळणीचे बटण दाबा.

हे चुकते ते ठरावीक तीन ठिकाणी. पहिले, काही कंपन्या होस्टच्या पुढे डोमेनचे नाव आपोआप जोडतात. तुम्हीही पूर्ण नाव लिहिले तर ते दोनदा लागते आणि पडताळणी होत नाही, म्हणून होस्टच्या रकान्यात फक्त ॲपने दिलेला छोटा तुकडा टाका. दुसरे, व्हॅल्यू हाताने टंकू नका. त्यात अक्षरे आणि आकडे गुंतलेले असतात आणि एक चुकले की सगळे चुकते. तिसरे, रेकॉर्ड जगभर पसरायला काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. पहिल्या प्रयत्नात नाही म्हटले म्हणून रेकॉर्ड पुसून पुन्हा बनवत बसलात तर तो वेळ दर वेळी नव्याने सुरू होतो. एकदा नीट टाका आणि दुसऱ्या कामाला लागा. डीएनएस पान हाताळणे जमत नसेल तर वेबसाइटच्या ठरावीक फोल्डरमध्ये एक छोटी मजकूर फाइल ठेवण्याचा दुसरा मार्गही तिथेच दिलेला असतो.

हँडल बदलल्याने फॉलोअर जात नाहीत, जुने उल्लेखही तुटत नाहीत, कारण खात्याची खरी ओळख आतल्या कायम क्रमांकाला बांधलेली असते. एकाच डोमेनखाली उपडोमेन करून कर्मचाऱ्यांनाही हँडल देता येतात. ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर देणारी व्यक्ती खरोखर तुमचीच आहे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. या एका सोयीसाठी आम्ही ब्लूस्कायला इतर सगळ्यांच्या वर ठेवतो.

मजकुराची मर्यादा ३०० अक्षरांची आहे, पण देवनागरीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोजणी डोळ्याला दिसणाऱ्या अक्षरांची होते, म्हणजे 'की' हे मात्रेसकट एकच अक्षर धरले जाते. त्यामुळे मराठीत ३०० अक्षरे वाटतात त्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त मजकूर पोटात घेतात. बायोला २५६ अक्षरे आहेत. पोस्ट टाकल्यावर दुरुस्तीची सोय नाही. चूक दिसली तर पुसून पुन्हा टाकणे एवढेच हाती असते, आणि तोवर आलेली उत्तरे सुटी पडतात. किंमत, तारीख, वेळ असलेली पोस्ट दुसऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय टाकू नये.

लिंकच्या बाबतीत ब्लूस्काय उदार आहे. लिंक चिकटवली की खाली तिचे कार्ड तयार होते. कार्ड आल्यावर मजकुरातला लांबलचक पत्ता पुसून टाका, कार्ड राहते आणि अक्षरे वाचतात. मात्र एका पोस्टला फोटो आणि लिंकचे कार्ड दोन्ही लागत नाही. यावर उपाय म्हणजे वेबपानाचे पूर्वदर्शन चित्रच चांगले बनवायचे, १२०० बाय ६३० पिक्सेलचे, मधोमध वस्तू, वर थोडकी मोठी अक्षरे. कार्डातले शीर्षक आणि चित्र पोस्ट टाकतानाच उचलले जाते आणि पोस्टबरोबर साठवले जाते. नंतर वेबसाइटवर चित्र बदलले तरी जुन्या पोस्टचे कार्ड बदलत नाही. म्हणून आधी वेबपान, मग पोस्ट.

फोटो एका पोस्टला चार. फोटोचे वर्णन, म्हणजे अल्ट टेक्स्ट, इथल्या लोकांना मनापासून महत्त्वाचे वाटते, आणि ते वाटायलाच हवे, कारण दृष्टिहीन वाचकाला तुमचे उत्पादन तेवढ्यावरूनच कळते. वर्णनाशिवाय पोस्ट जाऊच नये अशी सेटिंग आहे, ती चालू करून टाका. वर्णनात 'आमचे नवे उत्पादन' असे लिहू नका, तर रंग, आकार, कशाचे बनले आहे आणि कोणत्या बाजूने दिसते ते लिहा. व्हिडिओ तीन मिनिटांपर्यंत चालतो, पण ईमेलची पडताळणी झाल्याशिवाय तो चढत नाही. नवे खाते उघडणाऱ्यांची ही नेहमीची अडचण आहे.

आता फीड. ब्लूस्कायवर एखाद्या विषयाचे फीड कोणीही तयार करू शकतो, आणि कोणती पोस्ट त्यात घ्यायची याचा नियम बनवणारा ठरवतो: ठरावीक शब्द, ठरावीक हॅशटॅग किंवा ठरावीक लोक. फीडच्या यादीत आपल्या विषयाचा शोध घ्या, फीड उघडा आणि त्याचे वर्णन वाचा. बहुतेक ठिकाणी कोणता शब्द वापरला की पोस्ट आत येते ते लिहिलेले असते. तो शब्द पोस्टमध्ये स्वाभाविकपणे यावा. फॉलोअर पन्नास असलेल्या खात्याची पोस्टही अशा फीडमधून हजारोंपुढे जाऊ शकते, आणि ते हजारो त्याच विषयाचे असतात. पण विषयाशी संबंध नसताना शब्द घुसवला की फीडचा मालक खाते वगळतो, आणि मग परतीची विनंती करायची सोय बहुधा नसते. हॅशटॅग देवनागरीत टाकत असाल तर पोस्ट झाल्यावर तो शेवटच्या अक्षरापर्यंत निळा झाला आहे का, हे एकदा दाबून पाहा.

स्टार्टर पॅक जून २०२४ मध्ये आले. १५० पर्यंत खाती आणि तीन फीड यांचा हा गठ्ठा असतो. त्याची लिंक मिळालेला नवा माणूस खाते उघडतानाच सगळ्यांना एकदम फॉलो करू शकतो. व्यवसायाने स्वतःच्या क्षेत्रातला चांगला पॅक बनवणे हे आमच्या मते या सेवेवरचे सर्वांत मोलाचे काम आहे. चांगला म्हणजे कसा? तुमच्या विषयातली जाणकार, नेमाने लिहिणारी तीस-चाळीस खाती, त्यात प्रतिस्पर्धीही आले पाहिजेत, आणि तुम्ही स्वतः कुठेतरी मध्ये. ज्यांना घेता त्यांना आधी कळवा, नको म्हणाले तर लगेच काढा. दर महिन्याला गप्प झालेली खाती वगळा. स्वतःच्या मित्रमंडळींचा आणि पुरवठादारांचा पॅक बनवला तर तो कोणीही पुढे पाठवत नाही. आणखी एक सावधगिरी: पॅकमधून येणारे फॉलोअर पातळ असतात. त्यांनी तुम्हाला निवडलेले नसते, गठ्ठ्यात उचललेले असते. पॅक फिरल्यावरच्या आठवड्यात फॉलोअर झपाट्याने वाढतील आणि उत्तरे तेवढीच राहतील. त्याने बिथरून जाऊ नका आणि हुरळूनही जाऊ नका.

इथला खरा धोका म्हणजे सामूहिक ब्लॉक-याद्या. कोणीही अशी यादी बनवतो आणि इतर हजारो लोक ती एका टिचकीत लागू करतात. सकाळी पाचशेंना फॉलो, संध्याकाळी अनफॉलो, सगळ्यांना एकच साचेबंद स्वागतसंदेश, दुसऱ्याच्या संभाषणात जाहिरात घुसवणे, असे केले की 'मार्केटिंगवाले' या नावाच्या यादीत तुमचे खाते जाते आणि तुम्हाला कोणी कळवत नाही. मग पोस्ट चांगली असूनही का चालत नाही, याचे कोडे सुटत नाही. यावर एकच क्रम सुरक्षित आहे. कोणालाही फॉलो करण्याआधी आठ-दहा उपयोगी पोस्ट प्रोफाइलवर असू द्या, बायो आणि चित्र पूर्ण करा, मग दिवसाला दहा-पंधरा जणांना, खरोखर वाचायचे आहे म्हणून फॉलो करा. स्वतःच्या प्रत्येक पोस्टमागे इतरांना निदान तीन उत्तरे, हे प्रमाण पहिल्या दोन महिन्यांत सोडू नका.

कमतरता म्हणाल तर आकडेवारी. पोस्ट किती जणांनी पाहिली हे ब्लूस्काय सांगत नाही. लाइक, रीपोस्ट, उत्तरे एवढेच दिसते. पोस्ट पुढच्या वेळेला लावायची तर बाहेरचे साधन जोडावे लागते. अशा साधनाला मुख्य पासवर्ड कधीही देऊ नका, सेटिंग्जमधून स्वतंत्र ॲप पासवर्ड तयार करा. खासगी संदेश वाचायची परवानगी त्यात वेगळी द्यावी लागते, ती बंदच ठेवा. साधन बदलले की तो पासवर्ड रद्द करा.

मोजायचे काय

फॉलोअरचा आकडा नव्या ठिकाणी सर्वांत कमी सांगतो. तीन गोष्टी आठवड्याला एकदा वहीत किंवा शीटमध्ये लिहा: अनोळखी माणसांची किती उत्तरे आली, वेबसाइटवर किती जण आले, आणि त्यातले किती यादीत दाखल झाले. भेटी मोजण्यासाठी प्रत्येक लिंकला यूटीएम टॅग (भेट कुठून आली ते सांगणारी, लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावावा लागतो. मोबाइल ॲपमधून आलेली भेट बऱ्याचदा 'थेट' म्हणून नोंदली जाते आणि मग ब्लूस्कायचे किंवा थ्रेड्सचे श्रेय हरवते. टॅगमधली इंग्रजी अक्षरे कायम लहानच ठेवा. एकदा मोठे आणि एकदा लहान लिहिले की अहवालात एकाच ठिकाणाच्या दोन ओळी पडतात. बायोतली लिंक, पोस्टमधली लिंक आणि प्रोफाइलवर सर्वांत वर चिकटवून (पिन करून) ठेवलेल्या पोस्टची लिंक यांना वेगवेगळी नावे द्या. तीन महिन्यांनी कळेल की खरे काम कोण करत होते, आणि बहुतेकदा ते चिकटवलेली पोस्ट असते, जिच्याकडे कोणी लक्षच देत नाही.

यादीत दाखल व्हायला कारण द्या. 'आमच्या बातम्यांसाठी नाव नोंदवा' याने कोणी हलत नाही. एक पानी मापतक्ता, निवडीचा मार्गदर्शक, किमतीचा अंदाज काढणारी शीट, अशी आजच उपयोगी पडणारी वस्तू ठेवा. अर्जात फक्त ईमेल मागा.

मुदत आधीच ठरवून घ्या. रोज अर्धा तास, तीन महिने. तीन महिन्यांअखेर अनोळखी माणसांची उत्तरे वाढत असतील तर पुढचे तीन महिने द्या, विक्री झाली नसली तरी. उत्तरे थांबली असतील तर फॉलोअर कितीही असोत, वेळ काढून घ्या. ज्या ठिकाणी आज ग्राहक येतात ते सोडून इथे धावू नका. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्यात नुकसानच आहे.

दोन्ही सेवांवर सर्रास दिसणारी चूक म्हणजे एकच मजकूर सगळीकडे चिकटवणे. इंस्टाग्रामवरचे 'लिंक बायोमध्ये' हे वाक्य जिथे लिंक सरळ टाकता येते अशा पोस्टमध्ये दिसले की वाचकाला कळते, इथे कोणी बसलेले नाही. ५०० अक्षरांचा मजकूर ३०० वर मध्येच तुटतो. एकीकडच्या हँडलचा उल्लेख दुसरीकडे भलत्याच माणसाला जाऊन लागतो. विषय एक ठेवा, मजकूर दोनदा लिहा.

मॅस्टोडॉनबद्दल थोडक्यात. २०१६ पासूनची ही सेवा अनेक स्वतंत्र सर्व्हरची मिळून बनली आहे आणि प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. बऱ्याच सर्व्हरवर व्यावसायिक जाहिरात चालत नाही, म्हणून नाव नोंदवण्याआधी नियमांचे पान वाचा. स्वतःच्या वेबसाइटवर प्रोफाइलची लिंक ठरावीक खुणेसह ठेवली की प्रोफाइलवर वेबसाइटचा पत्ता हिरवा होतो, ही पडताळणी फुकट आणि चोख आहे. सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. मुक्त सॉफ्टवेअर, ग्रंथालये, संशोधन यांच्याशी व्यवसायाचा संबंध असेल तरच वेळ द्यावा.

पुढे आणखी नवे काही निघेल तेव्हा पहिल्या तासातच काही गोष्टी तपासून घ्या. नियमांत व्यवसायाच्या खात्याला परवानगी आहे का? पोस्टमध्ये लिंक दाबता येते का? पोस्ट खात्याशिवाय, साध्या ब्राउझरमध्ये उघडते का? नसेल तर शोध इंजिनांना ती दिसणार नाही. तुम्ही केलेले काम साठून राहते का? आवाजी गप्पांचे ॲप क्लबहाउस एप्रिल २०२० मध्ये आले तेव्हा खोलीत झालेले बोलणे तिथेच विरून जात असे. मागाहून ऐकण्याची सोय २०२१ च्या अखेरीस आली, तोवर गर्दी ओसरू लागली होती. तासन्तास बोललेल्या सल्लागारांकडे दाखवायला काही उरले नाही. आणि डेटा बाहेर काढता येतो का? ब्लूस्काय पोस्टचा पूर्ण साठा एका फाइलमध्ये देते, पण त्यात फोटो-व्हिडिओ येत नाहीत, म्हणून मूळ चित्रे स्वतःच्या संगणकावर तारखेनुसार ठेवा. एवढे तपासून मन होत नसेल तरी व्यवसायाचे नाव घेऊन ठेवा, स्पेलिंग सगळीकडे एकच.

एखादे ठिकाण सोडायचे ठरले तर खाते पुसू नका. पुसलेले हँडल दुसऱ्या कोणाच्या हाती पडू शकते आणि ग्राहक त्यालाच तुम्ही समजतील. शेवटची पोस्ट वर चिकटवा: आता कुठे भेटाल, ईमेल यादीची लिंक, चौकशीचा मार्ग. बायोतही तेच लिहा. बाहेरच्या साधनांचे पासवर्ड रद्द करा, सूचना ईमेलवर येतील अशा ठेवा आणि आठवड्यातून एकदा संदेशांची पेटी उघडा. ब्लूस्कायवर डोमेनचे हँडल असेल तर डोमेनचे नूतनीकरण आपोआप होईल असे लावून ठेवा. डोमेनची मुदत संपली की हँडलच्या जागी 'अवैध' असे दिसू लागते, आणि ते डोमेन दुसऱ्याने विकत घेतले तर तुमचे नाव त्याला स्वतःच्या खात्याला लावता येते.